औषधच नाही, मग क्लिनिकला यायचं कशाला?

एएलएस, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा नसांचा आजार, झालेल्या पेशंटच्या घरातला माणूस माझ्यासमोर, क्लिनिकच्या समुपदेशकासमोर, पहिल्यांदा बसला की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. मॅडम, बरं करणारं औषध नाही असं डॉक्टरच म्हणतात, मग दर तीन महिन्यांनी पेशंटला गाडीत घालून आणायचं, दिवसभर एकाच ठिकाणी सात वेगवेगळ्या तज्ज्ञांना दाखवायचं, हे कशासाठी? प्रश्न रास्त आहे, म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काका-काकू कराडकडचे. काकूंनी बावीस वर्षं खानावळ चालवली. आजार बोलण्या-गिळण्यापासून सुरू झाला, म्हणजे जीभ जड, शब्द घोगरे, मग पाण्याचा ठसका. हात अजून चांगले होते त्यामुळे त्या पाटीवर लिहून बोलायच्या. एएलएसमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसांच्या पेशी मरत जातात, पण पुष्कळांचं डोकं लख्ख असतं, आणि काकूंचं तर होतंच.

काका पहिल्याच दिवशी चिडलेले होते. याआधी तीन ठिकाणी वेगवेगळ्या दिवशी दाखवून झालेलं. "एकजण म्हणतो तूप घाला वजन वाढवा, दुसरी म्हणते घास छोटा द्या घाई करू नका, तिसरा म्हणतो पोटात नळी टाका. मी कोणाचं ऐकू?" पाच महिन्यांत काकूंचं वजन ५८ वरून ४९ वर आलं होतं. आणि वर काकू मधेच हुंदके देऊन रडायच्या, कधी उगाच हसत सुटायच्या, त्यामुळे काकांची खात्री झालेली की हिने जगायची इच्छाच सोडली. हे आधी सांगून टाकते कारण फार घरं यात पोळतात: असं अचानक रडू-हसू येणं पुष्कळदा आजाराचाच भाग असतं, आतून तेवढं दुःख किंवा आनंद असेलच असं नाही, आणि त्यावर गोळ्याही मिळतात. न्यूरॉलॉजिस्टला मोकळेपणाने सांगा.

माझं शिक्षण कुटुंबाकडे एकत्र बघण्याचं. आजार एकाला होतो पण वागणं सगळ्या घराचं बदलतं, आणि गाठ बऱ्याचदा तिथेच बसलेली असते. म्हणून मी नळीचा विषयच काढला नाही. दोघांना म्हटलं, काल दुपारचं जेवण मला पहिल्यापासून सांगा.

काका सांगत होते, मऊ भात, वरण, मिक्सरमधून काढलेली भाजी, दीड तास लागतो. "चार घास खाते मग मान हलवते. मी आग्रह करतो. माझ्या डोळ्यात पाणी आलं की मग खाते."

काकूंनी पाटी ओढली. लिहिलं, तुम्ही रडू नये म्हणून गिळते.

काकांनी ते वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. मी गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकाने मधे बोलू नये हे मला फार उशिरा कळलं, पण कळलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मला वाटलं मी भरवलं नाही तर तू उपाशी राहशील, लोकांना जेवू घालणारी बाई तू." काकूंनी खाली अजून एक ओळ लिहिली. जेवायची भीती वाटते.

ती दुपार मी विसरणार नाही. दोघंही एकमेकांसाठी त्या ताटाशी बसत होते, आणि त्यात ठसका लागून अन्न श्वासनळीत जायचा धोका रोज वाढत होता.

त्या दिवशी टीमच्या बैठकीत मी दोघांना आत बसवलं. आमच्याकडे आता हीच पद्धत झालीय आणि ती मी लावून धरली याचं मला समाधान आहे. काकांना तीन वेगळी वाटणारी मतं एका टेबलावर आली तेव्हा पंधरा मिनिटांत जुळली. वजन टिकवायचंय, गिळणं सुरक्षित नाही, म्हणून नळी. आणि नळी आत्ताच, कारण छातीच्या डॉक्टरांनी फुंकर मारायच्या टेस्टचा आकडा दाखवला. तो नॉर्मलच्या साधारण निम्म्याखाली गेला की पोटातली नळी बसवणं जोखमीचं होतं, काकूंचा अजून वर होता. काकांच्या डोळ्यासमोर नाकातून घातलेली, आयसीयूतली नळी होती, ही तशी नाही, दुर्बिणीतून पोटावर छोटं छिद्र करून बसवतात, कपड्याखाली दिसतही नाही. काकूंनी एकच विचारलं, चव? गिळण्याच्या थेरपिस्ट म्हणाल्या, पोट नळीने भरा, जिभेला थेंबभर आमटी लावायला मी शिकवते.

पुढच्या भेटीत वजन थांबलेलं होतं, ४९ च.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. रिलुझोल नावाचं औषध १९९५ पासून वापरात आहे, त्याने आजार बरा होत नाही पण आयुष्य काही महिने लांबतं, ते डॉक्टर देतीलच. पण आयर्लंडमध्ये २००३ साली एक अभ्यास छापून आला, त्यात अशा एकत्रित क्लिनिकमध्ये येणारे पेशंट साध्या न्यूरॉलॉजी ओपीडीत जाणाऱ्यांपेक्षा साधारण साडेसात महिने जास्त जगलेले दिसले. जादू काही नाही हो त्यात, नळी, श्वासाचं मशीन, आहार, कफ काढणं या गोष्टी वेळेवर झाल्या की फरक पडतो, आणि वेळ कधी आली हे घरी बसून कळत नाही कारण माणूस हळूहळू सवय करून घेतो. म्हणून येताना मोठी फाइल नसली तरी चालेल पण चार गोष्टी लिहून आणा, जेवणाला किती वेळ लागतो, वजन, ठसके, आणि झोप कशी लागते. आडवं झाल्यावर दम लागतो का, सकाळी डोकं दुखतं का, दिवसा पेंग येते का, यावरून रात्री श्वास कमी पडतोय का याचा अंदाज येतो. आणि कृपा करून दम लागतोय म्हणून डॉक्टरांना न विचारता घरी ऑक्सिजन लावू नका, या आजारात अडचण हवा आतबाहेर करण्याची असते, नुसत्या ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जाऊ शकतो. अजून एक, पुढे व्हेंटिलेटर हवा की नको हे पेशंटला स्वतःला विचारा, हात किंवा डोळे बोलतायत तोवर. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशी इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिलीय आणि २०२३ पासून ते नोटरीसमोरही करता येतं.

काका तिसऱ्या भेटीला आले तेव्हा हातात शाळेची शंभर पानी वही होती. माझ्याकडे न येता आधी छातीच्या डॉक्टरांकडे गेले. "गेला आठवडाभर ही सकाळी डोकं धरून उठतेय आणि दोन उशा घेते, तुम्ही मागे म्हणाला होतात म्हणून विचारतो." त्याच आठवड्यात काकूंना रात्रीचं बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन, सुरू झालं.