‘रन’ म्हणजे केवळ धावणे नव्हे

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. आठवीच्या मुलांना भाषांतरासाठी ‘हर नोज इज रनिंग’ हे वाक्य दिले, तेव्हा अनेकांनी ‘तिचे नाक धावत आहे’ असे लिहिले. ‘रन’ या शब्दाला एकूण अर्थ तरी किती आहेत आणि ते मुलांना कसे शिकवावेत?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : मुलांचे उत्तर चुकले असले तरी त्यांचा दोष नाही, कारण पहिलीपासून त्यांनी ‘रन म्हणजे धावणे’ एवढेच घोकलेले असते. अर्थांची संख्या मात्र थक्क करणारी आहे. १९८९ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली, तेव्हा तिच्यातील सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे शब्दकोशाची नव्याने उजळणी होत असताना हा मान आधी ‘मेक’कडे, मग ‘पुट’कडे आणि २०११ मध्ये ‘रन’कडे आला. क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ नोंदले गेले आणि या एका क्रियापदासाठी संपादक पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने खर्ची घालावे लागले.

ही संख्या ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण या शेकडो अर्थांच्या मुळाशी असलेली कल्पना एकच आहे. जर्मन ही इंग्रजीची बहीणभाषा. तिच्यात ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे पाझरणे, वाहणे असे दोन जवळचे शब्द आजही वेगवेगळे नांदतात. इंग्रजीत मात्र धावणे आणि वाहणे ही दोन्ही कामे एकट्या ‘रन’ने उचलली. त्यामुळे नाक ‘रन’ होते, नळाचे पाणी ‘रन’ होते, धुताना कपड्याचा रंग ‘रन’ होतो. येथे पाय कोठेच नाहीत. आहे ती अडथळ्याविना पुढे जात राहण्याची क्रिया. रस्ता एका गावाहून दुसऱ्या गावाला ‘रन’ होतो, नाटक सहा महिने ‘रन’ होते, एखादा आजार घराण्यात ‘रन’ होतो, या सर्वांत ते अखंड पुढे सरकणेच आहे. त्यात यंत्रयुग आले आणि गिरण्या, इंजिने, आगगाड्या, अलीकडे संगणकावरचे प्रोग्राम हे सारेच ‘रन’ होऊ लागले. यंत्र जसे माणूस ‘रन’ करतो, तसेच तो दुकान, खानावळ, संस्थाही ‘रन’ करू लागला.

आता हीच यादी मराठीत म्हणून पाहा. नाटक चालते, गिरणी चालते, गाडी चालते, दुकान चालवतात, संस्था चालवतात, खटला चालतो, घराण्याचा वंश चालतो. जेथे इंग्रजी माणूस धावतो, तेथे आपण चालतो! मला स्वतःला ही जुळणी फार मोलाची वाटते आणि आपल्या वर्गात ती जरूर मांडावी, असा माझा आग्रह आहे. नाणे बाजारात चालते म्हणून आपण पैशाला ‘चलन’ म्हणतो. इंग्रजीतला ‘करन्सी’ हा शब्दही ‘धावणे’ असा अर्थ असलेल्या लॅटिन ‘कुरेरे’ या धातूपासूनच आला आहे आणि बँकेतील चालू खात्याचे इंग्रजी नाव ‘करंट’ हेही त्याच धातूचे. ‘चहा चालेल का?’ या आपल्या साध्या प्रश्नात चहा चालत कोठेही जात नाही, हे मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला समजावताना आपली जी तारांबळ उडते, तीच आपल्या विद्यार्थ्यांची ‘रन’पुढे उडते. आपल्याच ‘चालणे’चे अर्थ मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या, त्यानंतर ‘रन’चे अर्थ त्यांना परके वाटणार नाहीत.

‘रन’चे मराठी सर्वत्र ‘चालणे’ होते, असा मात्र याचा अर्थ नाही. शिवणातला ‘रनिंग स्टिच’ हा आपला धावदोरा, विमानतळावरचा ‘रनवे’ ही धावपट्टी आणि क्रिकेटमधला ‘रन आउट’ झालेला फलंदाज धावबाद. येथे मराठीने धावणेच स्वीकारले. उलट इंग्रजीत ज्याला ‘फ्लाइंग व्हिजिट’ म्हणतात, ती आपल्याकडे धावती भेट असते. म्हणून शब्दाला शब्द न लावता तो कोणाच्या सोबतीने आला आहे, हे पाहण्याची सवय मुलांना लावावी. नाकासोबत, पाण्यासोबत वाहणे, यंत्रासोबत चालणे, माणसासोबत धावणे, अशा जोड्या वाक्यांतून कानावर पडत राहिल्या की पुरे. मागे ‘आउट’ लागले की संपणे, ‘ओव्हर’ लागले की वाहनाखाली चिरडणे, ‘इंटू’ लागले की अचानक गाठ पडणे किंवा धडकणे, हे एकेका प्रसंगातून शिकवावे. याद्या पाठ करवून घेणे मला मुळीच मान्य नाही. यादी परीक्षेपुरती टिकते आणि शब्दाविषयी मनात भीती तेवढी ठेवून जाते.

प्रश्न : आम्ही काही वर्षे न्यू जर्सीत राहतो. येथे उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो. पण शाळेत आम्ही ‘स्टँड’ शिकलो होतो. योग्य कोणते?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही योग्य आहेत. ब्रिटनमध्ये उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे आपल्यासारखाच निवडणुकीला उभा राहतो. अमेरिकेत तो ‘रन’ करतो. अमेरिकी प्रयोगात निवडणुकीकडे शर्यत म्हणून पाहिलेले आहे आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला तेथे ‘रनिंग मेट’ म्हणतात, तो शब्द तर थेट घोड्यांच्या शर्यतीतून आलेला आहे. शर्यत जिंकायच्या घोड्याला वेग धरता यावा म्हणून त्याच्याबरोबर पळवला जाणारा दुसरा घोडा, हा त्याचा मूळ अर्थ. आपण जेथे राहता तेथे ‘रन’च म्हणावे, मात्र मराठीत लिहिताना ‘अमुक जण निवडणुकीसाठी धावत आहेत’ असे कृपया लिहू नये. तेथे ‘उभे आहेत’ किंवा ‘निवडणूक लढवत आहेत’ हेच शब्द आपले आहेत.