फाइलची विचारपूस : स्टॅट कॉलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लिनक्सवर सी भाषेत एका डिरेक्टरीतल्या फाइलींची यादी करणारा प्रोग्राम लिहिला. डिरेक्टरीतली नावं एकेक करून देणाऱ्या रीडडिरकडून नावं नीट मिळतात, पण फाइलची माहिती (प्रकार, आकार, वेळा) देणारा स्टॅट कॉल '.' आणि '..' सोडून बाकी सगळ्यांना 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणतो. /डेव्हमध्ये जाऊन चालवला तर चालतो, पण तिथे हार्ड डिस्कलाही डिरेक्टरी ठरवतो.

उत्तर : या दोन वेगवेगळ्या चुका आहेत. रीडडिर नुसतं नाव देतो, पाथ देत नाही. '/' ने सुरू न होणारं नाव मिळालं की स्टॅट ते प्रोग्रामच्या चालू डिरेक्टरीत शोधतो. तुम्ही वाचताय /होम/डेटा आणि चालू डिरेक्टरी दुसरीच, मग फाइल सापडणार कशी? '.' आणि '..' कुठेही असतातच, म्हणून तेवढी दोन पास होतात. पण तीही माहिती भलत्याच डिरेक्टरीची असते.

डिरेक्टरीचं नाव, '/' आणि फाइलचं नाव जोडून स्टॅटला दिलं की काम होतं. आमचा कल मात्र एफस्टॅटॲटकडे, म्हणजे उघडलेल्या डिरेक्टरीपासून नाव शोधणाऱ्या स्टॅटच्या भावंडाकडे आहे. ओपनडिरने दिलेल्या पॉइंटरवर डिरएफडी चालवून डिस्क्रिप्टर (उघडलेल्या डिरेक्टरीचा क्रमांक) घ्या आणि तो पहिला आर्ग्युमेंट म्हणून द्या. जोडलेल्या पाथसाठी बफर किती मोठा ठेवायचा हा प्रश्नच उरत नाही, आणि मध्येच कुणी डिरेक्टरीचं नाव बदललं तरी अडत नाही. शेवटच्या फ्लॅगमध्ये एटी_सिमलिंक_नोफॉलो घाला, म्हणजे कॉल एलस्टॅटसारखा वागतो. सिम्बॉलिक लिंक असेल तर लिंकचीच माहिती देतो, ती जिकडे बोट दाखवते तिकडची नाही. सबडिरेक्टरींत खोल उतरणार असाल तर हा फ्लॅग हवाच. वरच्या डिरेक्टरीकडे नेणारी एखादी लिंक भेटली की प्रोग्राम त्याच वाटेने पुन्हा पुन्हा फिरतो.

हार्ड डिस्क डिरेक्टरी का ठरते? तुम्ही बहुधा एसटी_मोड (स्टॅटने दिलेला, प्रकार आणि परवानगी सांगणारा आकडा) आणि एस_आयएफडीआयआर (डिरेक्टरी या प्रकाराचा आकडा) यांचा नुसता '&' केलाय. फाइलचा प्रकार म्हणजे सुटे बिट नव्हेत, वरच्या चार बिटांत लिहिलेला तो एक आकडा आहे. ऑक्टलमध्ये डिरेक्टरी 0040000, ब्लॉक डिव्हाइस 0060000, सॉकेट 0140000. डिरेक्टरीचा बिट या तिघांतही आहे! आधी 0170000 हा मास्क लावून मग '==' ने तुलना करा, किंवा सरळ एस_आयएसडीआयआर हा मॅक्रो वापरा.

आणखी एक. कॉलने −1 दिला तर स्ट्रक्चरमधलं काहीही वाचू नका, आणि एररनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) लगेच बाजूला ठेवा, कारण मधला प्रिंटएफ तो बदलू शकतो. 'परमिशन डिनाइड' आलं तर फाइलची परवानगी तपासत बसू नका. 000 परवानगीच्या फाइलवरही स्टॅट चालतो. अडतं ते पाथमधल्या एखाद्या डिरेक्टरीवर 'एक्स' ही परवानगी नसल्यामुळे.

प्रश्न : फाइल तयार झाल्याची वेळ म्हणून एसटी_सीटाइम वापरून फोटो तारखेप्रमाणे लावले होते. परवानगी बदलणारी सीएचमॉड कमांड चालवल्यावर सगळ्या फोटोंवर आजची तारीख आली.

उत्तर : त्यातला 'सी' चेंजचा, क्रिएटचा नव्हे. आयनोडमध्ये (फाइलसिस्टिम प्रत्येक फाइलची माहिती ठेवते त्या नोंदीत) काहीही बदललं की ही वेळ बदलते: परवानगी, मालक, हार्ड लिंकची संख्या, आणि मजकूर लिहिल्यावर तर नक्कीच. हाताने मागची वेळ लावायची सोय एटाइम (शेवटचं वाचन) आणि एमटाइम (मजकुरातला शेवटचा बदल) यांना आहे, सीटाइमला नाही.

जन्मवेळ हवी असेल तर स्टॅटएक्स हा कॉल आहे. तो लिनक्स 4.11 मध्ये, 2017 साली आला. मास्कमध्ये स्टॅटएक्स_बीटाइम मागा आणि परत आलेल्या एसटीएक्स_मास्कमध्ये तो बिट आहे का ते बघा. फाइलसिस्टिमला ही वेळ ठाऊक नसेल तर बिट येत नाही, आणि तो न तपासता वापरणारे 1 जानेवारी 1970 छापून मोकळे होतात. तरीही फोटोंसाठी हा मार्ग आम्ही सुचवणार नाही. ही वेळ त्या डिस्कवर आयनोड जन्मल्याची आहे, कॅमेऱ्याचं बटण दाबल्याची नाही. कॉपी केली की नवा जन्म. कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेली एक्झिफ तारीख वाचा.

प्रश्न : एसटी_ब्लॉक्स गुणिले एसटी_ब्लकसाइझ केलं, तर उत्तर, फाइलने डिस्कवर किती जागा घेतली ते सांगणाऱ्या 'डीयू' कमांडच्या 8 पट येतं.

उत्तर : लिनक्सवर एसटी_ब्लॉक्स नेहमी 512 बाइटच्या एककात असतं. एसटी_ब्लकसाइझ म्हणजे वाचन-लेखनाला सोयीचा आकार, बहुतेक ठिकाणी 4096, म्हणून तुमचे 8 पट. 512 ने गुणा. हा गुणाकार एसटी_साइझपेक्षा, म्हणजे फाइलच्या लांबीपेक्षा, बराच कमी आला तर फाइल बहुधा स्पार्स आहे, म्हणजे न लिहिलेल्या भागाला डिस्कवर जागाच दिलेली नाही. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फाइलींत हे सर्रास दिसतं. अशी फाइल साध्या रीड-राइट लूपने कॉपी केलीत तर पोकळ भागही शून्यांनी भरून खरीखुरी जागा खातो. जीएनयू सीपी या कॉपी कमांडला --स्पार्स=ऑलवेज हा पर्याय द्या.