द्विशिक्षकी शाळेत शिकवताना उमेद टिकवण्यासाठी शिक्षकाने कोणत्या साध्या सवयी लावून घ्याव्यात?

आपण विचारले आहे की, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे चार इयत्तांना दोनच शिक्षक असलेल्या शाळेत, शिकवून घरी आल्यावर घरच्यांशी बोलण्याचेही त्राण उरत नाही, योग-ध्यानाचे सल्ले सगळे देतात, पण त्यासाठी वेळ कोठून आणावा हे कोणी सांगत नाही. तेव्हा खरोखर जमतील अशा सवयी कोणत्या? मी स्वतः जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका आहे आणि नोकरीतील बराच काळ द्विशिक्षकी शाळांतच गेला आहे, म्हणून त्याच परिस्थितीला धरून उत्तर देते. शहरातील मोठ्या शाळेत ज्यांना ऑफ तास आणि स्टाफरूम मिळते, त्यांना यातील काही गोष्टी लागू पडतील, काही पडणार नाहीत.

स्वतःची काळजी ही शाळा सुटल्यानंतर घ्यायची गोष्ट आहे असे आपण गृहीत धरतो, आणि माझ्या मते सगळे तेथेच अडते. प्राणायाम आणि सकाळचे फिरणे यांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जी बाई पहाटे उठून घरातल्यांचे डबे भरते आणि एसटीने किंवा दुचाकीने अपडाउन करून शाळा गाठते, तिच्या दिवसात आणखी एक काम वाढवून तिचा थकवा कसा कमी होणार? टिकतात त्या सवयी शाळेच्या वेळेतच बसवलेल्या असतात, कारण आपण झिजतो तेही त्याच वेळेत. (ताणतणाव व्यवस्थापनाचे ऑनलाइन प्रशिक्षण रविवारी ठेवण्याची कल्पना ज्यांना सुचते, त्यांच्याविषयी येथे काही लिहीत नाही.)

आपण ज्या अवस्थेचे वर्णन केले आहे, तिला हल्ली सर्रास बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात तिची नोंद आहे, मात्र ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणे सांगितली जातात: अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे. पहिले लक्षण कोणालाही कळते. दुसरे मात्र नकळत शिरते. पहिलीतले मूल पाटीवर काढलेले अक्षर दाखवायला उड्या मारत येते आणि पाटीकडे न बघताच आपल्या तोंडून 'जा, जागेवर बस' असे निघते. हे रोजचे झाले, की नुसत्या झोपेने भागणार नाही असे समजावे.

सुरुवात पाण्यापासून करते, कारण त्याविषयी कोणी बोलत नाही. स्वच्छतागृहाची अवस्था बरी नसते आणि वर्ग सोडून जाता येत नाही, म्हणून कित्येक शिक्षिका शाळेच्या वेळेत पाणी पिणेच टाळतात. दुपारनंतरची डोकेदुखी, घशाची कोरड आणि पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा संसर्ग यांत या सवयीचा मोठा वाटा असतो. पाण्याची बाटली पर्समध्ये न ठेवता टेबलावर ठेवावी, प्रत्येक तासिका बदलताना दोन घोट घ्यावेत, आणि लहान सुट्टीत काहीही काम असले तरी आधी स्वच्छतागृहात जाऊन यावे. शाळेला संयुक्त अनुदान (शाळेच्या खर्चासाठीचा सरकारी निधी) मिळते तेव्हा कडी, नळ आणि बादली यांचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सर्वांत आधी मांडावा. रंगरंगोटीला नंतरही पैसे मिळतात.

दुसरी गोष्ट आवाजाची. एका खोलीत दोन इयत्ता बसलेल्या असतात. तिसरीला गणित समजावताना चौथीचा गलबला आणि गलबल्यावर मात करण्यासाठी आपला चढा आवाज, असे दिवसभर चालते. संध्याकाळी बोलावेसे वाटत नाही याचे एक कारण मनात नसून घशात असते. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. आधी लिहावे, मग वळावे, मग बोलावे. खोलीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला हाक न मारता त्या गटाजवळ चालत जाऊन बोलावे. शांततेसाठी टाळ्यांचा एक ठेका ठरवून द्यावा: आपण तो वाजवला की मुलांनी तोच वाजवून थांबायचे. पहिलीच्या मुलांनाही हे लवकर अंगवळणी पडते. मैदानावर ओरडण्याऐवजी शिट्टी वापरावी. फळा ओल्या फडक्याने पुसला तर खडूची भुकटी घशात जात नाही. मोठ्या सुट्टीनंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटे लेखनाची ठेवावीत; शुद्धलेखन, नक्कल, चित्र, काहीही चालेल, फक्त त्या वेळात बाई बोलणार नाहीत हे मुलांना ठाऊक असावे. घसा बसला असताना कुजबुजल्याने किंवा सारखे खाकरल्याने तो अधिकच दुखावतो, त्यापेक्षा घोटभर पाणी प्यावे. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक राहिला, तर मध-हळदीवर न विसंबता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

जेवणाचे थोडक्यात सांगते. पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा, शिजलेल्या अन्नाची चव घेऊन नोंदवहीत लिहायचे, मुलांना वाढले जाते आहे ते पाहायचे, किती जेवली याची माहिती भरायची, आणि या सगळ्यात आपला डबा तसाच राहतो. मुलांच्या पंगतीतच आपले बसकर टाकून डबा उघडावा. लक्षही राहते आणि जेवणही बसून, वेळेवर होते. नोंदी जेवणानंतर केल्या तरी त्याच दिवशीच्या असतात.

वह्यांचे मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण घरी येणारे काम म्हणजे मुख्यतः वह्यांचा गठ्ठा. गठ्ठा घरी आणायचाच नाही, असे ठरवून बघावे. गणिताची वही मूल सोडवत असतानाच तपासता येते: फळ्यावर पाच उदाहरणे द्यावीत, मुले तिसऱ्यावर आली की लाल पेन घेऊन त्यांच्या ओळीत खाली बसावे आणि पहिली दोन तेथल्या तेथे बघावीत. हातचा घ्यायला विसरलेले मूल समोरच असते, त्यामुळे चूक त्याच क्षणी दाखवता येते. रात्री घरी मारलेल्या फुलीचा तेवढा उपयोग होत नाही. भाषेच्या वहीत एका वेळी एकच चूक शोधावी. आज फक्त अनुस्वार, पुढच्या आठवड्यात फक्त ऱ्हस्व-दीर्घ. सगळ्या चुका एकदम लाल केल्या तर पान रंगते, पण मुलाच्या डोक्यात त्यातले काहीच शिरत नाही, आणि आपली अर्धी रात्र जाते. दोन इयत्ता एकत्र असण्याचा फायदाही घ्यावा: तिसरीचे श्रुतलेखन चौथीच्या मुलांना पुस्तकात बघून तपासू द्यावे, त्यात त्यांचेही लेखन सुधारते. आपली सही आणि तारीख मात्र टाकावीच, कारण भेटीला आलेले साहेब आधी तीच बघतात. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे सत्रभर मुलाची प्रगती बघून करायच्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदींचेही तसेच आहे. सत्राच्या शेवटी सगळ्या पटाच्या नोंदी एकदम लिहायला बसले, की 'वाचन चांगले करतो' हे वाक्य सगळ्यांच्या नावापुढे येते आणि आपल्यालाच आपल्या कामाचा वीट येतो. रोज शाळा सुटण्यापूर्वी तीन-चार मुलांविषयी एकेक ओळ त्याच दिवशीचे बघून लिहिली, तर सत्राअखेरीस उरते ती फक्त उतरवून काढण्याची मेहनत.

आता मोबाइल. केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा, निवडणुकीचा, पालकांचा. आणि प्रत्येकावर 'अतितात्काळ', 'आजच लिंक भरावी'. शिकवणे मध्येच तोडून ही माहिती शोधण्याने जेवढी दमछाक होते, तेवढी शिकवण्याने होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रुप बघण्याच्या वेळा ठरवाव्यात: एकदा परिपाठाच्या आधी आणि एकदा शाळा सुटल्यावर, निघण्यापूर्वी. मधल्या वेळात सगळे ग्रुप आवाज बंद करून ठेवावेत, फक्त कॉलचा आवाज चालू असावा. खरेच तातडीचे असले तर केंद्रप्रमुख फोन करतात. त्याच त्या माहितीसाठी एक वही करावी: यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), इयत्तावार आणि प्रवर्गनिहाय पट, मुलगे-मुली, आधार नोंदणी, खोल्या, बँक खाते, सगळे एका पानावर. बहुतेक लिंक याच आकड्यांची उलटसुलट मांडणी मागतात. ज्या माहितीचे उत्तर 'निरंक' आहे ती वाचताक्षणी पाठवून मोकळे व्हावे. आणि रात्रीच्या जेवणानंतर ग्रुप उघडू नये. त्या वेळी वाचलेल्या परिपत्रकावर सकाळपर्यंत काहीही करता येत नाही, झोप तेवढी जाते.

वर्गाबाहेरच्या कामांविषयी एक बाब ठाऊक असलेली बरी. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमता येत नाही. याच कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत आणि त्यांत पाठाच्या तयारीचे तास धरलेले आहेत. म्हणजे टाचण काढणे हे कायद्यानेही कामच आहे. ते शाळेत बसून करताना अपराधी वाटण्याचे कारण नाही. निवडणुकीच्या कामावर चिडून उपयोग नाही, ते टळत नाही. इतर कामासाठी मात्र नम्रपणे लेखी आदेश मागावा आणि शाळेबाहेर जाताना हालचाल रजिस्टरला नोंद करावी. लेखी मागितल्यावर बरीच तोंडी कामे आपोआप गळून पडतात.

द्विशिक्षकी शाळेत सर्वांत मोठा आधार असतो तो दुसऱ्या शिक्षकाचा, आणि सर्वांत मोठा ताणही त्याच नात्यातून येऊ शकतो. एक जण शिक्षण परिषदेला किंवा प्रशिक्षणाला गेला, की चारही इयत्ता दुसऱ्यावर पडतात, आणि 'यांचीच बाहेरची कामे जास्त' अशी मनातल्या मनात मोजदाद सुरू होते. ती मोजदाद मनात ठेवण्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर उघड लिहावी. आमच्याकडे एक पद्धत चांगली चालली: आठवड्यातून दोनदा, शेवटचा अर्धा तास एकाने चारही इयत्तांची मुले मैदानावर किंवा गोष्टीला एकत्र घ्यायची, आणि दुसऱ्याने त्या वेळात कार्यालयात बसून नोंदी, टाचण उरकायचे, किंवा काहीच न करता नुसते बसायचे. पुढच्या वेळी अदलाबदल. कागदोपत्री न मिळणारा ऑफ तास असा दोघांच्या समजुतीने मिळतो. सहकारी सर असतील तर सुरुवातीला सांगायला संकोच वाटेल, तरीही मॅडम, आपणच विषय काढावा, कारण बहुधा त्यांचीही तीच अवस्था असते.

घरी पोचल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे कोणी काही विचारायचे नाही, हे घरच्यांना समजावून सांगावे. रुसून गप्प बसण्यापेक्षा आधी सांगून गप्प बसलेले बरे. स्वयंपाकघरात थेट न शिरता हात-पाय धुऊन पाय वर घेऊन बसावे. दिवसभर उभे राहिल्याने पोटऱ्यांना आलेला ताण तेवढ्यानेही उतरतो. संध्याकाळच्या चहाची जबाबदारी घरातील दुसऱ्या कोणाची तरी असावी, यावर मी ठाम आहे.

या सवयींची मर्यादाही सांगायला हवी. रिक्त पद पाण्याच्या बाटलीने भरले जात नाही, त्यासाठी संघटनेमार्फत आणि ग्रामपंचायतीमार्फत पाठपुरावा करावाच लागतो. शिवाय आपण लिहिलेला थकवा सुट्टीत उतरतो का, हे तपासून पाहावे. दिवाळीच्या सुट्टीचे चार-सहा दिवस गेल्यावर मन पुन्हा घरात, माणसांत रमत असेल, तर तो बहुधा कामाचा ताण आहे. परंतु सुट्टीतही कशात गोडी वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, रडू येत असेल, तर प्रश्न केवळ शाळेचा नाही आणि त्यावर सवयींचा उपाय पुरणार नाही. अशा वेळी डॉक्टरांना भेटावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल, तर हा फोन उद्यावर ढकलू नये, आणि घरातील एका माणसाला त्याच वेळी सांगावे. उपचारासाठी रजा लागली तर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून ती रीतसर घ्यावी. आजार कोणता, हे तालुक्याच्या ग्रुपवर सांगण्याचे बंधन कोणावरही नाही.