‘एरोबिक’ व्यायाम म्हणजे नेमकं काय? हा शब्द आला कुठून?

एरोबिक म्हटलं की गाणी लावून उड्या मारणारा घोळका आठवतो, पण हा शब्द मुळात जंतूंसाठी जन्मला! ग्रीकमध्ये ‘एर’ म्हणजे हवा, ‘बिऑस’ म्हणजे जीवन. काही सूक्ष्मजीव प्राणवायूशिवायही जगतात हे लुई पाश्चरला दिसलं, तेव्हा १८६३ च्या सुमारास त्याने हवेवर जगणारे ते ‘एरोबी’ आणि हवेविना जगणारे ते ‘अ‍ॅनएरोबी’ अशी नावं दिली. शाळेतलं ऑक्सिश्वसन-विनॉक्सिश्वसन आठवतंय? तीच जोडी.

व्यायामाच्या जगात तो रुळवला अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी. १९६८ साली त्यांचं ‘एरोबिक्स’ नावाचं पुस्तक आलं आणि जंतू मागे पडले.

अर्थ सोपा आहे. भरभर चालणं, पोहणं, सायकल यांत स्नायूंना लागणारी ऊर्जा मुख्यतः प्राणवायू वापरून तयार होते, म्हणून ते बराच वेळ जमतं. चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. सुटलेली बस पकडायला जीव खाऊन धावलात तर मात्र बहुतांश काम अ‍ॅनएरोबिक. मिनिटभरात पाय भरून येतात. (आणि बस जातेच.)