इटलीहून आलेली बेलिनीची बाटली: वाइन की पीचचं सरबत?

प्रश्न असा आहे: मित्राने इटलीहून ‘बेलिनी’ नावाची गुलाबीसर बाटली आणली आहे. वर पीचचं चित्र, मागे बारीक अक्षरात 5 टक्के अल्कोहोल. ही वाइन आहे की सरबत? व्हेनिसची प्रसिद्ध बेलिनी ती हीच का? आणि उघडायची, प्यायची कशी?

सरबत म्हणून कुणाच्या हातात देऊ नका, हे सगळ्यात आधी. 5 टक्के म्हणजे माइल्ड बिअरइतकी झाली. पीचच्या गोडव्यात दारू जाणवत नाही आणि थंडगार असली की माणूस घटाघटा पितो. घरात कुणी घेत नसेल, तर बाटली दाखवतानाच सांगून टाका.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. गोव्यात हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि मग अकरा वर्षं बोटीवर बारमध्ये काढली. त्यातले तीन उन्हाळे आमची बोट दर आठवड्याला व्हेनिसला लागायची. हे मोठ्या बोटींना जुदेक्का कालव्यातून जायला बंदी यायच्या आधीचं. ती बंदी 2021 च्या ऑगस्टपासून आहे. पाहुणे उतरले, नवे चढायचे होते, की मधले तीन-चार तास आम्हाला मोकळे. बाकीची पोरं वायफाय शोधत बसायची. मी एक नंबरची व्हापोरेत्तो, म्हणजे तिथली पाण्यातली बस, पकडून सान मार्को-वाल्लारेस्सो थांब्याला उतरायचो. उतरल्या उतरल्या समोर गल्लीच्या तोंडाशी एक बार आहे. दुधी काचा, बाहेरून काही दिसत नाही, पाटी अगदी साधी. हॅरीज बार. बेलिनी तिथली.

त्या बारची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जुझेप्पे चिप्रियानी हा व्हेनिसमधल्या एका हॉटेलात बारमन होता. बोस्टनचा हॅरी पिकरिंग नावाचा तरुण तिथे मावशीबरोबर उतरला होता. दोघांचं बिनसलं, मावशी निघून गेली आणि हा बिलासकट मागे अडकला. चिप्रियानीने त्याला स्वतःच्या साठवणीतले 10,000 लिरा दिले. पोरगा गेला तो गेलाच. बारमनने गिऱ्हाइकाला उधार द्यायची नसते हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, आणि ह्याने तर रोख दिली! पण पिकरिंग परत आला. घेतलेले 10,000 फेडले आणि वर 40,000 ठेवले: बार काढू, नाव माझं. जागा सापडली ती दोरखंडांचं जुनं गोदाम. मे 1931 मध्ये बार उघडला. पुढच्या वर्षी चिप्रियानीला मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं आर्रीगो, म्हणजे हॅरीचंच इटालियन रूप.

पीच वाइनमध्ये टाकायची युक्ती मात्र चिप्रियानीची नव्हे. इटलीत उन्हाळ्यात जेवणानंतर वाइनच्या पेल्यात पीचच्या फोडी घालून खाणं ही घराघरातली जुनी सवय आहे, आपल्याकडे आंब्याच्या फोडी दुधात घालतात तशी. त्याने काय केलं, तर पांढऱ्या गराचे पीच कुस्करून चाळणीतून काढले आणि त्यावर प्रोसेक्को, म्हणजे तिकडची फेसाळती पांढरी वाइन, ओतली. पांढऱ्या पीचचा गर बाठ्याजवळ लालसर असतो, त्यामुळे कुस्करल्यावर एक फिकट गुलाबी छटा येते. जोव्हान्नी बेलिनी हा पंधराव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार. त्याच्या एका चित्रातल्या संताच्या वस्त्राचा रंग चिप्रियानीला त्या पेल्यात दिसला म्हणून हे नाव, असं सांगतात. साल 1948 धरतात. बेलिनीच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन दोजेंच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या राज्यकर्त्यांच्या, महालात 1949 मध्ये भरलं, म्हणजे शहरात त्याच सुमारास त्याचं नाव तोंडोतोंडी असणार. बारवाल्याला आणखी काय लागतं?

(बारमधल्या बेलिनीचे पैसे जास्त वाटले, तर चालत दहा-पंधरा मिनिटांवर सान झक्कारिया चर्चमध्ये खऱ्या बेलिनीचं 1505 सालचं मोठं वेदीचित्र आहे. मी आधी तिथे गेलो होतो. संतांच्या अंगावरचे लाल-केशरी रंग बघितल्यावर चिप्रियानीची नजर पटते.)

बारमध्ये मी एकदाच गेलो. उंच निमुळता ग्लास येईल म्हणून वाट बघत होतो, आला तो पाणी प्यायचा असावा तसा छोटा, बुटका पेला. वर फेसाचा पातळ थर, खाली दाटसर गुलाबी. दोन घोटांत अर्धा संपला. वास आधी येतो, ताज्या सालीचा. गोडी मागून. साखर घातल्यासारखं अजिबात वाटत नाही.

आता तुमच्या बाटलीकडे येतो. पांढरे पीच इटलीत जून ते सप्टेंबर मिळतात. सुरुवातीला बेलिनी हे त्या चार महिन्यांचंच पेय होतं. आणि पीचचा गर कापल्यावर काळा पडतो, वास तासाभरात उडतो. वर्षभर, जगभर विकायचं तर बाटलीत भरणं आलं. व्हेनिसच्या ईशान्येला सान दोना दी पियावे गावी कानेल्ला नावाची वाइनरी आहे, तिने 1988 पासून तयार बेलिनी बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. आज डझनावारी कंपन्या भरतात.

बाटलीत भरताना अडचण काय येते बघा. गर आहे, म्हणजे साखर आहे. वाइनमधलं यीस्ट जरा जरी शिल्लक राहिलं तरी ते साखर खाऊन पुन्हा आंबवायला लागणार, आणि बंद बाटलीत वायू वाढला तर ती फुटणार. नुसती वाइन बारीक गाळून यीस्ट काढता येतं, पण गर गाळला तर बेलिनीत उरलं काय? मग उष्णता द्या नाहीतर टिकवणारी द्रव्यं घाला. त्यात पीचचा कोवळा वास थोडा शिजल्यासारखा होतो. ताजा हापूस पिळून काढलेला रस आणि रत्नागिरीचा डबाबंद आमरस यात जो फरक, तोच इथे. डबाबंद रस वाईट नसतो, दिवाळीत पुरीबरोबर आपण आवडीने खातोच. फक्त मे महिन्यातल्या रसाशी त्याला तोलायचं नाही.

दारूचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. बारमधलं प्रमाण म्हणजे 100 मिलि प्रोसेक्को, 50 मिलि गर. प्रोसेक्को साधारण 11 टक्क्यांची, म्हणजे पेल्यात 7 टक्क्यांच्या थोडं वर भरते. तुमची बाटली 5 ची. म्हणजे वाइनही 11 ची धरली तरी निम्म्याहून कमी, बाकी गर, रस, साखर, पाणी काय असेल ते. म्हणून लेबल नीट वाचा. ‘सुक्को’ (रस), ‘पोल्पा’ (गर), ‘पेस्का बियांका’ (पांढरा पीच) हे शब्द असतील तर खरा पांढरा पीच आहे. बहुतेक वेळा टक्केवारीही छापलेली असते. ती जितकी जास्त तितकं चांगलं. नुसतं ‘आरोमी’ आणि ‘कोलोरान्ते’ असेल तर वास आणि रंग बाहेरून घातलेले आहेत. मग ते गुलाबी सोडा म्हणून प्या, माझी हरकत नाही. लेबलवर ‘प्रोसेक्को’ शब्द नसला तर लगेच शंका घेऊ नका. 2009 पासून ते नाव ईशान्य इटलीतल्या ठरावीक भागाच्या, ग्लेरा द्राक्षाच्या वाइनसाठी राखून ठेवलेलं आहे आणि वापरायचे नियम कडक आहेत. बरेच जण साधी ‘व्हीनो स्पुमान्ते’ म्हणजे फेसाळती वाइन घालतात.

शॅम्पेन घालून बेलिनी का करत नाहीत, असं पाहुणे नेहमी विचारायचे. शॅम्पेनचं दुसऱ्यांदा आंबणं बाटलीतच होतं आणि ती यीस्टबरोबर महिनोन्‌महिने पडून राहते, त्यामुळे तिला भाजलेल्या पावासारखा वास येतो. तो पीचला दाबून टाकतो. प्रोसेक्को मोठ्या बंद स्टीलच्या टाकीत आंबते. ती पद्धत मार्टिनोत्ती या इटालियन माणसाने 1895 मध्ये काढली आणि शार्मा या फ्रेंचाने पुढे सुधारली. तिच्यात फळाचा वास तसाच राहतो, सफरचंद, नाशपतीसारखा. पीचशी तिचं जमतं, आणि खिशाशीही.

उघडताना: बाटली किमान चार तास फ्रिजमध्ये हवी, फ्रीझरमध्ये नको. गर तळाशी बसलेला असतो, तो मिसळायला बाटली एकदाच सावकाश उलटी करून सरळ करा. हलवायची नाही. बुचावर तारेची जाळी असेल तर अंगठा वर दाबून ठेवूनच ती सोडवा, आणि बुच न फिरवता खालची बाटली फिरवा. प्रोसेक्कोसारख्या बाटलीत 3 बारच्या (हा बार म्हणजे दाब मोजायचं माप) वर दाब असू शकतो, गाडीच्या टायरमध्ये असतो त्याहून जास्त. ‘फस्स’ आवाज यायला हवा, ‘फट्’ झालं तर तुम्ही घाई केलीत. साधं पत्र्याचं झाकण असेल तर ही कसरत नाही.

ओतताना पेला तिरका धरा आणि धार बारीक ठेवा. गरामुळे फेस दूध उतू जातं तसा एकदम वर येतो. माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मी घाईत ओतली आणि एका आजींच्या पांढऱ्या बाहीवर सगळं गेलं. त्या हसल्या, माझा सुपरवायझर हसला नाही. बर्फ टाकू नका, पाणी होतं.

सुट्टीवर येताना मी अशीच एक बाटली घरी आणली होती. आईने चमचाभर चाखली आणि म्हणाली, “आमरसात सोडा कित्याक घातलंस?” त्यानंतर मी पुरणपोळीच्या दिवशी कुठलीही विलायती बाटली उघडलेली नाही. तुम्ही खारे काजू, चीज, तळलेली कोळंबी असं काहीतरी ठेवा. तिखट रस्सा नको.

ताजी करून बघायची असेल तर मे-जूनमध्ये हिमाचलचे पीच बाजारात येतात. बहुतेक पिवळ्या गराचे असतात, रंग गुलाबी येणार नाही, पण चव छान लागते. पूर्ण पिकलेले घ्या, साल काढा, लिंबाचे दोन थेंब टाका म्हणजे काळे पडणार नाहीत, स्टीलच्या गाळणीवर चमच्याने घासा. मिक्सर लावला तर हवा भरते आणि फेस आवरत नाही. वर नाशिकची कुठलीही थंड स्पार्कलिंग वाइन चालेल. ‘ब्रूट’ असेल तर ती कोरडी असते, गरात अर्धा चमचा साखर विरघळवून घ्या.

बंद बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवा, पण वर्षानुवर्षं जपू नका. ही जुनी होऊन सुधारणारी वाइन नव्हे. उघडली की त्याच दिवशी संपवा. 750 मिलिच्या बाटलीत पाच पेले होतात, तेव्हा चार माणसं जमवूनच उघडा. तरीही उरली आणि फेस गेला, तर ताटलीत ओतून फ्रीझरमध्ये ठेवा आणि तासा-तासाने काट्याने खरवडत राहा. बर्फाच्या गोळ्यासारखा चुरा होतो. बोटीवर उरलेल्या बाटल्यांचं आम्ही तेच करायचो, रात्री एक वाजता, बार बंद झाल्यावर.