चर्चच्या पाथफाइंडर क्लबमध्ये मुलीला घालावे का? ते खरे स्काउटिंग आहे का?

आपली मुलगी दहा वर्षांची आहे, शाळेतून सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चच्या पाथफाइंडर क्लबची (मुलामुलींच्या शिबिर-बिल्ल्यांच्या क्लबची) चिठ्ठी आली आहे, आणि हे स्काउटिंग की धर्मप्रसार, असे आपण विचारले आहे. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी सातवीत असताना माझ्या थोरल्या भावाने हेच विचारले होते आणि उत्तराची वाट न पाहता तो त्या क्लबातून माझे नाव काढून घ्यायला निघाला होता.

पावागडाच्या पायथ्याशी तीन दिवसांचे शिबिर होते. तिथे मटण खाऊ घालतील, ही दादाची पहिली हरकत. प्रत्यक्षात ॲडव्हेंटिस्टांच्या त्या शिबिरात मांस तर नव्हतेच, चहासुद्धा नव्हता, आणि पहिल्या सकाळी डोके धरून रडणारी मी एकटीच होते. शुक्रवारी सूर्य मावळल्यावर त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, लागला, तेव्हापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत गाठींचा सराव नाही की स्पर्धा नाही, फक्त प्रार्थना, गाणी आणि झाडापानांची ओळख. शनिवारी अंधार पडल्यावर शेकोटी पेटली, तेव्हा मला घरी मारुतीचा उपास सोडायला बसलेली आजी आठवली. (दादाला ही तुलना अजिबात रुचली नाही.)

बायबल त्यांच्या अभ्यासक्रमातच असते आणि प्रतिज्ञेत देवाचे सेवक होण्याचे वचन असते. हे कोणी लपवत नाही. ज्यांना ते चालत नाही त्यांनी मुलीला पाठवू नये, पण पाठवून मागाहून फसवणुकीची ओरडही करू नये.

दादा स्वतः शाळेत स्काउट होता, त्यामुळे ‘चर्चवाल्यांनी आमची नक्कल केली’ हे त्याचे पालुपद. स्काउटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर जे पहिले शिबिर भरवले, त्यातली काही मुले बॉईज ब्रिगेडची होती, आणि ती संघटना विल्यम स्मिथ यांनी 1883 साली ग्लासगोत चर्चच्या रविवारच्या शाळेतील मुलांसाठी काढलेली होती, हे मला तेव्हा ठाऊक असते तर तो वाद जेवणाच्या पाटावरच मिटला असता. शिवाय त्याच्या पथकात मुलींना जागा नव्हती, मुलींचे गाइड पथक वेगळे. आमच्या क्लबात मुलगे आणि मुली एकत्र होते आणि तंबूच्या खुंट्यांना क्लोव्ह हिचची गाठ मारण्याचे काम माझ्याकडे होते.

एक गोष्ट खरे तर आधी सांगायला हवी होती. पाथफाइंडरचे बिल्ले भारत स्काउट्स अँड गाइड्सच्या राज्य पुरस्काराला किंवा राष्ट्रपती पुरस्काराला धरले जात नाहीत, आणि रेल्वेच्या नोकरभरतीतील स्काउट-गाइड कोट्यातही त्यांचा उपयोग नाही. दादा पुढे त्याच कोट्यातून वडोदऱ्याच्या प्रतापनगरला रेल्वेत लागला, तेव्हा त्याचा एवढा मुद्दा मला मान्य करावाच लागतो. तसा विचार असेल तर शाळेत गाइडचे पथक आहे का, याची चौकशी करावी. पाथफाइंडरला घालायचे असेल तर मुलीच्या शनिवारच्या शिकवण्या मात्र दुसऱ्या वारी हलवाव्या लागतील.