बंद टॉकीजमधली ३५ एमएमची जुनी मशीनं पुन्हा चालू होतील का, की भंगारात द्यावीत?

भंगारात देऊ नका. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या टॉकीजच्या केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर धूळ खात पडलेत, भंगारवाला किलोच्या भावानं मागतोय आणि काका म्हणतात, 'मशीनं जुनाट होती म्हणूनच टॉकीज बसली.' काकांचं हे वाक्य मला लागलं. माझ्या शेठच्या तोंडून मी ते वर्षानुवर्षं ऐकलंय.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ऑपरेटर होतो. आमची दोन्ही मशीनं माझ्या जन्माआधीची, कार्बनवर चालणारी, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवून उजेड पाडणारी. दोन कांड्यांमधलं अंतर जरा वाढलं की पडदा पिवळा पडायचा आणि खालून आरोळी यायची, 'ए, कार्बन!' त्यामुळे चहासुद्धा उभ्यानं, एक हात चाकीवर आणि डोळा काळ्या काचेवर. मे महिन्यात त्या केबिनमध्ये काय होत असेल ते सोलापूरकडच्या माणसाला सांगायला नको. तरी मी कधी मशीनला दोष दिला नाही. वेळेवर तेल, गेट (दिव्यासमोरची फिल्मची खिडकी) पुसून स्वच्छ, लूप (फिल्मचा सैल सोडलेला फास) बरोबर, एवढं केलं की ती खेळामागून खेळ बिनतक्रार काढायची.

मग चित्र थरथरायला लागलं. पण सगळ्या पिक्चरभर नाही, एकाआड एक रिळाला. वीसेक मिनिटं पडदा स्थिर, पुढची वीसेक मिनिटं नायिकेचा चेहरा खालीवर. पब्लिक शिट्ट्या मारायचं, शेठ वर येऊन माझ्यावर ओरडायचे.

फिल्म गेटमधून सरळ वाहत जात नाही. प्रत्येक फ्रेम क्षणभर थांबते आणि मग पुढे सरकते, सेकंदाला २४ वेळा. हे काम मधलं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, करतं. त्याच्या प्रत्येक कडेला १६ दात, फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोकं, म्हणजे दर फ्रेमला पाव वळसा. वरचं-खालचं स्प्रॉकेट झिजलं तरी काही दिवस निभावतं, पण हे मधलं झिजलं की चित्र नाचणारच. मी दोन नंबरच्या मशीनचं स्प्रॉकेट बोटानं फिरवून बघितलं. दात कोयत्यासारखे एका अंगाला वाकलेले, नख अडकत होतं. शेठना दाखवलं आणि नवीन मागवायला सांगितलं. ते म्हणाले, 'एवढ्या जुन्या मशीनवर कशाला पैसे घालायचे?'

पुढे एक प्रिंट परत करताना डिस्ट्रिब्युटरच्या माणसानं पेटी उघडली. भोकं फाटलेली. त्यानं नुकसानीचे पैसे शेठकडून घेतले आणि शेठनी ते माझ्या पगारातून कापले. वर म्हणाले, 'फिल्म लावायची अक्कल नाही.'

तेव्हा मी दोघांना गुंडाळायच्या टेबलाशी उभं केलं. आमच्याकडे एक, तीन, पाच नंबरची रिळं पहिल्या मशीनवर आणि दोन, चार, सहा दुसऱ्यावर लागायची. एकेक रीळ उलगडून कड दिव्यासमोर धरली. विषम आकड्यांच्या सगळ्या रिळांची भोकं शाबूत. सम आकड्यांच्या प्रत्येक रिळात भोकांच्या कोपऱ्याला चीर, काही ठिकाणी दोन भोकं एक झालेली. मी म्हणालो, 'शेठ, लावणारे हात दोन्हीकडे माझेच आहेत.' डिस्ट्रिब्युटरच्या माणसानं मान डोलावली. शेठ काही न बोलता खाली गेले. पैसे परत मिळाले नाहीत आणि स्प्रॉकेटही आलं नाही. चित्र शेवटपर्यंत तसंच नाचलं, लोक यायचे कमी झाले आणि गावभर झालं काय, तर 'मशीन जुनं आहे.'

म्हणून तुमच्या काकांना विचारा, शेवटच्या पाच वर्षांत मशीनवर किती खर्च केला होता? पडद्याला रंग कधी दिला? खुर्च्या? जे मशीन चाळीस वर्षं चाललं ते एकाएकी जुनं होत नाही. त्याला लागणारं देणं कुणीतरी बंद केलेलं असतं. डिजिटल आल्यावरही मी तेच बघितलं. सर्व्हर अडला की कंपनीच्या माणसाला फोन लावून हात बांधून बसायचं. फिल्म तुटली तर मी दोन मिनिटांत जोडून खेळ पुढे नेत होतो.

आता चालू होतील का ते. आधी तेल बदला, मग हातानं फिरवून बघा, मोटर लावू नका. मधल्या स्प्रॉकेटला थांबवत-थांबवत फिरवणारा भाग म्हणजे क्रॉस, त्याच्या पेटीतलं तेल वाळून डिंक झालेलं असणार, ते काढून नवीन भरल्याशिवाय फिरवलं तर दांडा अडकेल. मोकळं फिरलं तर यांत्रिक भाग जिवंत आहे. उजेडाचं अवघड आहे. कार्बनच्या कांड्या आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे दुसरा दिवा बसवावा लागेल. आवाजाच्या भागातला एक्साइटर लॅम्प (फिल्मवरच्या आवाजाच्या पट्टीवर उजेड टाकणारा छोटा दिवा) आणि तो उजेड टिपणारा फोटोसेल तपासावे लागतील. फिल्मच्या मशीनवर काम केलेला म्हातारा मेकॅनिक शोधा. टीव्हीवाल्याला हात लावू देऊ नका.

काही गोष्टी राहिल्या. दिव्याला डीसी वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरमध्ये काचेचा मोठा फुगा असेल तर त्यात पारा असतो, तो फुटू देऊ नका. दिवा झेनॉनचा असेल तर तो थंड असतानाही आत दाब असतो, तोंडावर जाळी आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. पेट्यांमध्ये रिळं असतील आणि ती १९५० च्या आसपासची किंवा आधीची असतील तर नायट्रेटची, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्रकारच्या फिल्मची, असू शकतात. ती भडकतात आणि पाण्यानं विझत नाहीत. घरात ठेवू नका, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. रिळांना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती ॲसिटेटची (नायट्रेटनंतर आलेल्या फिल्मची) आणि सडत चाललेली आहेत, चांगल्या रिळांपासून वेगळी काढा.

आणि हेही खरं की मशीन चालू झालं तरी टॉकीज चालू होणार नाही. २०१४ च्या सुमारास नव्या पिक्चरच्या प्रिंट येणं जवळपास थांबलं. आमच्यासारख्या गावाला तर प्रिंट मोठ्या शहरांत फिरून, ओरखडे पाडून मगच मिळायची. डिजिटलमुळे नवा पिक्चर पहिल्याच शुक्रवारी गावात आला, हे मी मान्य करतो. तेव्हा धंद्यासाठी नका ठेवू. एक मशीन चालू करा, दुसरं सुट्या भागांसाठी राखा, जुनं एखादं रीळ मिळवून शाळेतल्या पोरांना दाखवा.

कोणतं चालू करायचं ते मधल्या स्प्रॉकेटवरून ठरवा. दोन्हींच्या दातांचे जवळून, बाजूनं उजेड घेऊन फोटो काढा आणि इथे टाका, मी बघून सांगतो. काकांनाही दाखवा.